व्हिडिओ आर्टचं प्रदर्शन : मधूनच शिरलो, मधूनच निघालो, मग पाहिलं काय?

आडवाटेने

व्हिडिओ आर्टचं, म्हणजे कलावंतांनी दालनात दाखवण्यासाठी केलेल्या व्हिडिओंचं, एक मोठं प्रदर्शन पाहून झालं. चित्रांच्या प्रदर्शनातून बाहेर पडताना काय आवडलं, काय नाही हे निदान सांगता तरी येतं. इथे तेही धड जमत नाही. दालनात शिरावं तर काम मधेच कुठेतरी चाललेलं, बसावं तर शेजारच्या खोलीतला आवाज कानात. पाट्यांवरच्या कालावधींची बेरीज केली तर प्रदर्शनाच्या वेळेत सगळं पाहून होणं शक्यच नाही. तरीही दोन-तीन कामांसमोरून पाय हलेना, आणि काहींकडे बघवेना.

माझं मत जरा तिरकस आहे. प्रेक्षकाची जी प्रतिक्रिया होते ती बरीचशी कामाला नसतेच, खोलीला असते. अंधार किती, बाक कुठे, आवाज कुठून येतो, याला. जाणकारांना दोन प्रश्न :
१. अर्धं पाहिलेलं काम पाहिलं असं म्हणायचं का?
२. कंटाळा आला तर तो कामाचा की मांडणीचा, हे ओळखायचं कसं?

भिंगरी

वाचनखूण साठवली. भांडणं सुरू झाली की उठवा.

तिसरी_घंटा

पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण या कामांमध्ये वेळ एकाच पद्धतीने वापरलेला नसतो.

काहींना सरळ सुरुवात आणि शेवट असतो. ती अर्ध्यातून पाहणं म्हणजे न पाहणंच. काही मुळातच लूप म्हणून, म्हणजे शेवट सुरुवातीला जोडून सतत फिरत राहतील अशी, रचलेली असतात. जोड कुठे आहे ते कळूच नये अशी. त्यात तुम्ही शिरलात ती तुमची सुरुवात. तिसरा प्रकार थेट कॅमेऱ्याचा. ब्रूस नाउमनचा १९७० चा बोळ घ्या. अरुंद बोळ, टोकाला एकावर एक दोन मॉनिटर. एकावर रिकाम्या बोळाची आधी घेतलेली टेप, दुसऱ्यावर प्रवेशाशी उंच लावलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र. तुम्ही मॉनिटरच्या जवळ जावं तसे पडद्यावर पाठमोरे आणि लहान होत जाता. याचा कालावधी काय लिहिणार? डॅन ग्रॅहमच्या १९७४ च्या आरशांच्या खोलीत मॉनिटरवर तुम्ही आठ सेकंदांपूर्वीचे दिसता. तिथे आठ सेकंद थांबला नाहीत तर काम सुरूच झालं नाही.

चौथा प्रकार कोणीच पूर्ण पाहू नये असा लांब. डग्लस गॉर्डनने १९९३ मध्ये एक गाजलेला थरारपट २४ तासांचा करून ठेवला. क्रिश्चन मार्कलेचं २०१० चं घड्याळांच्या दृश्यांचं कामही २४ तासांचंच, आणि ते बाहेरच्या खऱ्या वेळेशी जुळवून चालतं. तिथे कधी आत गेलात हाच कामाचा भाग.

म्हणून पाटी आधी वाचायची. चॅनल (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी चित्रं) किती, आवाज आहे का, कालावधी किती, लूप की ठरावीक वेळांना सुरू. पाटीवर नुसतं 'व्हिडिओ' एवढंच असेल तर चूक प्रेक्षकाची नाही.

लुमेन_मोजणारा

दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आकड्यांत देता येतं.

तीन मीटर रुंद चित्र, रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ म्हणजे उंची १.६९ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर. अंधाऱ्या सिनेमागृहात रिकाम्या पांढऱ्या पडद्याचं मान १६ फूट-लँबर्ट (पडद्याच्या तेजाचं एकक) धरतात. साध्या मॅट पडद्यावर तेवढं हवं तर साधारण ८७० लुमेन (प्रोजेक्टरचा एकूण उजेड) पडायला हवेत, म्हणजे पडद्यावर १७० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे लुमेन). हे काही फार नाही. अडचण पांढऱ्याची नसतेच, काळ्याची असते. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. खोलीत जो उजेड आहे तोच चित्रातला काळा.

आता हिशोब करा. भिंतीवर बाहेरून २० लक्स उजेड पडत असेल तर पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण १९० भागिले २०, म्हणजे साडेनऊ. ५ लक्सवर आणलात तर ३५. १ लक्सवर १७१. तेच काम, तोच प्रोजेक्टर. साडेनऊला रात्रीचं दृश्य म्हणजे राखाडी गाळ, त्यात चेहरा शोधत बसायचं. त्याला माणूस 'संथ' म्हणतो.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे जास्त लुमेनचा प्रोजेक्टर. बाहेरून उजेड येत असेल तर त्याने फरक पडतो. खोलीच पांढरी असेल तर काडीचा पडत नाही, कारण चित्राचाच उजेड छत, बाजूच्या भिंती, चकचकीत फरशी यांवरून परत पडद्यावर येतो, आणि प्रोजेक्टर दुप्पट केला की तोही दुप्पट होतो. तिथे गडद मॅट राखाडी रंग आणि जमिनीवर गालिचा हाच इलाज. खोक्यावर छापलेला लुमेनचा आकडाही सर्वांत भडक मोडचा असतो. रंग बरोबर दिसणाऱ्या मोडमध्ये तो बऱ्याचदा निम्म्यापर्यंत उतरतो.

आडवाटेने

हे भारी आहे. पण प्रेक्षकाच्या खिशात लक्समीटर नसतो. नुसत्या डोळ्यांनी कळेल असं काही?

लुमेन_मोजणारा

कळतं. चित्र पूर्ण काळं होण्याचा क्षण गाठा. चित्राच्या चौकटीएवढाच राखाडी आयत भिंतीवर उरला तर तो प्रोजेक्टरचा स्वतःचा काळा, किंवा पातळीची गफलत. आयताच्या आतबाहेर सारखाच उजेड असेल आणि भिंतीचे ओरखडे दिसत असतील तर खोलीत उजेड आहे.

पातळीची गफलत म्हणजे : ० ते २५५ या उजेडाच्या मापावर व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकाच्या चित्रात ० आणि २५५ वर. या पल्ल्यालाच रेंज म्हणतात. प्लेयर एक बोलतोय आणि प्रोजेक्टर दुसरं ऐकतोय असं झालं की दोन प्रकार होतात. एकतर सगळ्याच दृश्यांत काळा राखाडी आणि पांढरा मळकट. नाहीतर उलट : सावल्यांतला तपशील एकदम गायब, डांबर फासल्यासारखा, आणि आकाश जळालेलं. मेनूत एक पर्याय बदलायचा असतो, दहा सेकंदांचं काम. प्रदर्शन संपेपर्यंत कोणी बदलत नाही ही गोष्ट वेगळी.

चिमटा

म्हणजे कंटाळवाण्या कामाला आता प्रोजेक्टरने जामीन राहायचं?

सुरुवातीचं व्हिडिओ आर्ट बघा. काळंपांढरं, मुंग्या आलेलं, लहान मॉनिटरवर, लख्ख उजेडाच्या खोलीत. तरी ते आजही खिळवतं. जोन जोनसचं १९७२ चं 'व्हर्टिकल रोल' तर बिघाडावरच उभं आहे. टीव्हीचं उभं होल्ड, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणारी सोय, सुटलेलं, चित्र सतत उभं सरकतंय, काळी पट्टी ठोक्यासारखी आदळतेय. लुमेनरावांच्या हिशोबाने ते दुरुस्तीलाच पाठवायला हवं.

ट्यूबवाली

चिमटाराव, मुद्दा मान्य, पण तोच तुमच्यावर उलटतो. ती पट्टी जाणूनबुजून ठेवलेली आहे, म्हणूनच तिच्याखेरीज दुसरा कुठलाही बिघाड त्या चित्रात शिरता कामा नये. आणि जुन्या कामांत सर्वांत जास्त बिघाड आपण सपाट पडदे लावून शिरवतो.

पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम (पूर्ण चित्रं), पण प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या फील्डांत, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीत ५२५ रेषा आणि २९.९७ फ्रेम. जुन्या टीव्हीच्या काचेच्या ट्यूबवर ही फील्ड एकामागून एक उमटतात, हालचाल पाण्यासारखी दिसते. सपाट पडदा पूर्ण फ्रेम मागतो. दोन फील्ड तशीच एकत्र शिवली की हलत्या हाताच्या कडेला आडवे दाते दिसतात. दाते काढण्यासाठी घाईघाईने २५ फ्रेमची फाइल केली तर दाते जातात, पण हालचालीचे नमुने निम्मे होतात आणि नृत्य अडखळायला लागतं. बरोबर रीत म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून सेकंदाला ५० ठेवणं.

दुसरी गोष्ट, ७२० बाय ५७६ ची फाइल चौकोनी पिक्सेलची नसते. ४:३ चं काम दाखवायचं तर ती ७६८ बाय ५७६ दिसायला हवी, बाजूला काळ्या पट्ट्या सोडून. रिमोटवर कोणीतरी 'पूर्ण पडदा' दाबतं आणि माणसं तेहतीस टक्के रुंद होतात. चाक, घड्याळ, ताटली असं काही गोल दिसलं की ताडून पाहा.

भिंगरी

म्हणजे ती सगळी माणसं रुंद होती ते समाजावरचं भाष्य नव्हतं?

चिमटा

गप्प बसा, समीक्षकांच्या पोटावर पाय येईल.

काजळी

ट्यूबवाली ताई, सगळीच जुनी कामं ट्यूबवरच दाखवायला हवीत का? ट्यूब आता बनतच नाहीत, मग पुढे काय?

ट्यूबवाली

सगळी नाही. विचारायचा प्रश्न असा की ट्यूब ही कामातली वस्तू आहे की नुसतं वाहन. नाम जून पाइकने १९६५ मध्ये टीव्हीवर मोठं लोहचुंबक ठेवलं. चुंबक इलेक्ट्रॉनचा झोत वाकवतं आणि चित्राची वेटोळी होतात. सपाट पडद्यावर चुंबक ठेवाल तर काहीच होणार नाही. तिथे ट्यूब म्हणजेच काम. उलट एखादी मुलाखतवजा टेप चांगल्या सपाट पडद्यावर, बरोबर प्रमाणात दाखवली तर फार बिघडत नाही.

पुढे काय, याचं उदाहरण पाइकचंच आहे. दक्षिण कोरियातल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचा १९८८ चा १००३ मॉनिटरांचा मनोरा आहे. सुरक्षेच्या कारणाने तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. जमल्या तेवढ्या ट्यूब दुरुस्त केल्या, उरलेल्या जागी सपाट पडदे बसवले. यावर वाद आहेच. माझ्या मते मनोऱ्याच्या बाबतीत ते चालतं, चुंबकाच्या बाबतीत चालणार नाही.

कोणी जुना मॉनिटर मिळवून स्वतः उघडायच्या बेतात असेल तर : आत २० ते ३० हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी ट्यूबमध्ये भार उरतो. बहुतेक वेळा गेलेले असतात ते सुकलेले कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग), पण बदलणारा माणूस जाणताच हवा. आणि ट्यूबचा फोटो काढताना पट्टे येतात ते टाळायला शटर पालसाठी १/२५ आणि एनटीएससीसाठी १/३० ठेवा.

कानसेन

आवाजावर कोणी काही बोललंच नाही. धागाकर्त्याची पहिली तक्रार तीच होती.

शेजारच्या खोलीचा आवाज पडद्याने अडेल हा गैरसमज. जाड कापड किंवा ५० मिलिमीटर खनिज लोकर बोलण्यातले वरचे सूर छान शोषते. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या सुराची तरंगलांबी ३.४ मीटर आहे. त्याला ५० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून संवाद ऐकू येत नाहीत पण घूं घूं येत राहतं, आणि माणसाला कारण न कळता थकवा येतो.

स्वस्त आणि खरा उपाय म्हणजे स्पीकर माणसाजवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. चार मीटरवरचा स्पीकर एक मीटरवर आणला तर कानाला तेवढंच ऐकू येऊन स्पीकरने १२ डेसिबल कमी ओरडायचं. शेजाऱ्याला थेट तेवढा फायदा. बंद खोलीत प्रतिध्वनीमुळे पूर्ण १२ मिळत नाहीत, पण बरेच मिळतात. डोक्यावरचे घुमट-स्पीकर चांगले, मात्र खालचे सूर तेही आवरू शकत नाहीत. हेडफोनने प्रश्न मिटतो, पण केबल प्लगपाशी तुटते आणि एक कान मुका होतो. डाव्या-उजव्या वेगळ्या आवाजाचं काम एका कानाने ऐकून लोक पुढे जातात.

आणि ओठ-आवाज. चित्र प्रोजेक्टरच्या प्रक्रियेतून दोन-तीन फ्रेम उशिरा येतं, म्हणजे ८० ते १२० मिलिसेकंद. आवाज सरळ अँप्लिफायरला जाऊन आधी पोचतो. आवाज उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा जाणवत नाही, आधी आला तर ४५ लाच जाणवतो. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो ना. अँप्लिफायरमध्ये तेवढा विलंब लावला की झालं.

दोन_खिडक्या

अनेक चॅनलच्या कामांचं वेगळंच दुखणं. शिरीन नेशातचं १९९८ चं 'टर्ब्युलंट' समोरासमोरच्या दोन पडद्यांवर आहे. एकावर पुरुष गातो तेव्हा दुसरीकडे बाई थांबलेली. मग ती गाते आणि तो बघत राहतो. प्रेक्षक मधे. दोन्ही चित्रं एकमेकांकडे बघतात, म्हणून एक सेकंदाचा फरकही चालणार नाही.

दोन साधे प्लेयर एकाच वेळी बटण दाबून सुरू केले तर? आतल्या वेळ मोजणाऱ्या स्फटिकांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० भागांचा) फरक असेल तर १३ मिनिटं २० सेकंदांत एक फ्रेम सरकते, आठ तासांत जवळजवळ दीड सेकंद. म्हणून प्लेयर नेटवर्कने जोडून एकाला पुढारी आणि बाकीच्यांना अनुयायी करतात. तेही पुरत नाही. सगळ्या फाइलींच्या फ्रेम मोजून सारख्या हव्यात. एका फाइलीत एक फ्रेम कमी असेल तर चूक दर फेरीला साठते, किंवा प्लेयर दर फेरीला गचका देऊन जुळवून घेतो.

लूपचा जोडही असाच. एएसी या दाबून लहान केलेल्या आवाजात फाइल बनवणारा एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता भरतो, बऱ्याचदा आवाजाचे २११२ नमुने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद. अखंड लाटेचा आवाज असेल तर दर फेरीला टिचकी ऐकू येते. लूपसाठी आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ठेवावा.

आणि सर्वांत कॉमन चूक : २५ फ्रेमची फाइल, प्लेयर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं पाठवणारा. ६० भागिले २५ म्हणजे २.४, त्यामुळे काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दिसतात. स्थिर दृश्यात काही कळत नाही. कॅमेरा आडवा सरकला की चित्र ठेचकाळतं. प्लेयर ५० हर्ट्झवर नेला की खल्लास.

आडवाटेने

हेच! एका कामात कॅमेरा भिंतीवरून संथ आडवा सरकत होता आणि डोळ्यांना त्रास होत होता. मी ते कलावंताच्या खात्यावर टाकलं होतं.

चिमटा

ठीक. अर्धी तलवार म्यान. पण उरलेली अर्धी बाहेरच.

संथपणाही दोन प्रकारचा असतो. बिल व्हायोलाचं १९९५ चं 'द ग्रीटिंग' सेकंदाला ३०० फ्रेम अशा वेगाने फिल्मवर घेतलेलं आहे. जेमतेम पाऊण मिनिटाची भेट सुमारे दहा मिनिटं चालते. प्रत्येक फ्रेम खरी टिपलेली, त्यामुळे वाऱ्याने कापड उडतं तेसुद्धा पाहत राहावंसं वाटतं. दुसरीकडे साधं २५ फ्रेमचं चित्रण संगणकावर ताणलेलं. तिथे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने कल्पून भरलेल्या असतात. बोटांच्या कडा वितळतात, डोळा मिटताना पापणीचा लगदा होतो. त्या चित्रात बघण्यासारखं नवीन काही नसतंच. कंटाळा आला तर तो कामाचा, खोली कितीही काळी करा. गॉर्डनचं २४ तासांचं काम तिसरंच : सेकंदाला साधारण दोन फ्रेम, अडखळ लपवलेली नाही, उलट तीच दाखवायची आहे.

माझी कसोटी : पुढच्या मिनिटात काय होणार हे ओळखता आलं, आणि ते तसंच झाल्यावरही बघायला काही उरलं, तर थांबा. नाहीतर चला पुढे, कोणी पकडत नाही.

निवांत

बाकांबद्दल दोन ओळी. ४५ सेंटिमीटरचा बिनपाठीचा बाक म्हणजे 'लवकर उठा' असा निरोप. चाळीस मिनिटांच्या कामासमोर तो ठेवला असेल तर लोक दहाव्या मिनिटाला उठणारच.

अंधारात शिरल्यावर दाराशी बाजूला होऊन मिनिटभर उभे राहा. डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पहिल्या मिनिटातच बसलेल्यांची डोकी दिसू लागतात. मोबाइल काढलात की पहिल्यापासून सुरू, तुमचंही आणि शेजाऱ्याचंही.

मात्र चित्रावर पडलेली प्रत्येक सावली चूक समजू नका. नलिनी मलानी यांच्या २०१२ च्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड'मध्ये मायलार या प्लास्टिकचे पाच रंगवलेले पारदर्शक दंडगोल फिरतात, सहा चॅनलचा व्हिडिओ त्यांतून आरपार जातो आणि सावल्या भिंतींवर फिरतात. तिथे सावलीच साहित्य आहे.

काजळी

यांतली कामं घरी टीव्हीवर पाहिली तर?

ट्यूबवाली

एक चॅनलची काही बघता येतात. १९७१ मध्ये स्थापन झालेली न्यू यॉर्कची इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स ही संस्था अशा कामांचं वितरण करते. बाकीची मोजक्या प्रतींत विकली जातात, उदाहरणार्थ पाच प्रती आणि कलावंताच्या दोन, म्हणून नेटवर पूर्ण सापडत नाहीत. घरी पाहताना टीव्हीचं 'हालचाल गुळगुळीत करा' हे आधी बंद करा. चिमटारावांनी सांगितलेला पापण्यांचा लगदा तो टीव्ही फुकटात करून देतो.

तिसरी_घंटा

धागा भरकटायच्या आत पहिल्या प्रश्नाकडे. सगळं पूर्ण पाहायचा हट्ट सोडा. पहिल्या फेरीत प्रत्येक खोलीत एक-दोन मिनिटं, आणि कालावधी लिहून घ्या. मग तीन-चार निवडा. निवडलेल्या कामात शिरताना समोर जे दृश्य होतं ते लक्षात ठेवा, आणि ते पुन्हा येऊन पुढे दोन मिनिटं जाईपर्यंत बसा. त्या दोन मिनिटांत दिसतं की जोड कुठे आहे आणि तो लपवलाय की दाखवलाय. वेळेनुसार सुरू होणारी कामं आधी नोंदवून बाकीची त्यांच्या अवतीभवती बसवा.

आडवाटेने

आणि काही चुकीचं दिसलं तर सांगायचं कुणाला? दारातल्या माणसाच्या हातात रिमोटसुद्धा नसतो.

लुमेन_मोजणारा

त्यालाच सांगा, पण तंत्रज्ञापर्यंत जसंच्या तसं पोचेल असं एक वाक्य लिहून द्या. 'चित्र बरोबर नाही' याचा काही उपयोग होत नाही. 'खोली अमुक, ४:३ चं काम १६:९ वर ताणलंय', 'उजवा स्पीकर बंद', 'काळा राखाडी दिसतो, रेंज तपासा', 'आडव्या सरकण्याला गचके, आउटपुट ५० हर्ट्झ आहे का बघा' असं लिहा. पाटीवर मूळ प्रमाण किंवा चॅनल दिले असतील तर तेही टाका. यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत होण्यासारखं असतं.

दोन_खिडक्या

यात एक भर. प्रोजेक्टरच्या आधी प्लेयर चालू झाला तर त्याला समोर कोण आहे ते कळत नाही आणि तो मनाला येईल ते रिझोल्यूशन धरून बसतो. म्हणून सकाळी चुकलेलं चित्र दुपारी आपोआप बरं झालेलं दिसतं. चिठ्ठीवर वेळही लिहा.